नवा पोटेक्सव्हायरस? ६,३१८चा काँटिग हातात आहे, पण ‘पूर्ण जीनोम’ म्हणायला अजून काय लागेल?

मोझेकपान

एका बहुवर्षायू शोभेच्या झाडाच्या पानांवर मोझेक आणि फिकट वलयं आहेत. पानाच्या रसाचं निगेटिव्ह स्टेनिंग केल्यावर सुमारे ५०० नॅनोमीटर लांबीचे, जरा वाकलेले धाग्यासारखे कण दिसतात. नेहमीच्या विषाणूंच्या एलायझा (प्रतिपिंडांची चाचणी) आणि पॉटीव्हायरस या दुसऱ्या विषाणू-गटाच्या जेनेरिक प्रायमरची आरटी-पीसीआर (आरटी म्हणजे आरएनएवरून डीएनए प्रत काढणं, पीसीआर म्हणजे ती वाढवणं), दोन्ही निगेटिव्ह. म्हणून टोटल आरएनएमधून रायबोसोमल आरएनए काढून टाकून सिक्वेन्सिंगसाठी लायब्ररी (वाचायला तयार तुकड्यांचा संच) केली. २×१५० बेसच्या रीड्सच्या (वाचलेल्या तुकड्यांच्या) १ कोटी ८० लाख जोड्या मिळाल्या. ट्रिमिंग (रीड्सची छाटणी) फास्टपीने, असेंब्ली (रीड्सची जोडणी) स्पेड्सच्या आरएनए-व्हायरल मोडमध्ये.

सगळ्यांत लांब विषाणू-काँटिग (रीड्स जोडून झालेला सलग क्रम) ६,३१८ न्यूक्लिओटाइडचा आहे. मांडणी पोटेक्सव्हायरससारखीच (धाग्यासारख्या वनस्पती-विषाणूंचा एक गट): रेप्लिकेज (जीनोमच्या प्रती काढणारं प्रोटीन), ट्रिपल जीन ब्लॉक (लागून असलेली तीन जनुकं, टीजीबी१ ते ३), कोट प्रोटीन (कवचाचं). सर्वांत जवळच्या ज्ञात विषाणूशी रेप्लिकेज अमिनो आम्लांत ५८ टक्के, न्यूक्लिओटाइडमध्ये ६१ टक्के, कोट प्रोटीन अमिनो आम्लांत ६३ टक्के जुळतं. काँटिगवर ४६,००० रीड्स बसतात, म्हणजे सरासरी डेप्थ (एका बेसवरून जाणारे रीड्स) साधारण १,०९०.

अडलेल्या गोष्टी अशा:

२,९००व्या बेसच्या आसपास डेप्थ एकदम १२वर येते, आणि नेमकं तिथेच रेप्लिकेजचं ओआरएफ (प्रोटीनसाठी सलग वाचला जाणारा क्रम) फुटून दोन फ्रेममध्ये (तीन-तीन बेस वाचण्याच्या दोन वेगळ्या चौकटींत) जातं.

५′ (सुरुवातीच्या) टोकाला जेमतेम तीन रीड्स आहेत. काँटिग ‘एएएएसी’ने सुरू होतो. ३′ (शेवटच्या) टोकाला ९ ए आहेत (६,३१८मध्ये ते धरलेत).

त्याच रनमधल्या निरोगी झाडाच्या नमुन्यातही या विषाणूचे ३७ रीड्स सापडले.

शिवाय १,४८०चा एक काँटिग आहे, त्यात पार्टिटीव्हायरससारखं पॉलिमरेज आहे. तो काय करायचा?

एवढ्यावर ‘पूर्ण जीनोम’ म्हणून जमा करता येईल का? नसेल तर कुठल्या क्रमाने काय करावं?

---

आयजीव्ही_उघडा

नाही, एवढ्यावर नाही. आणि टोकांच्या मागे लागण्याआधी मधलं खिंडार बुजवा. फुटलेलं ओआरएफ तसंच ठेवून कोणी टोकं शोधत बसलं तर ती मेहनत वायाच जाते.

सगळे रीड्स काँटिगवर पुन्हा मॅप करा, पण बीडब्ल्यूए-मेमने. बोटाय२ मूळ सेटिंगवर रीड टोकापासून टोकापर्यंत बसवायला बघतो, त्यामुळे जे रीड अर्धेच जुळतात ते गाळले जातात, आणि तुम्हाला नेमके तेच बघायचेत. आयजीव्हीत (मॅप केलेले रीड्स दाखवणारं सॉफ्टवेअर) सॉफ्ट-क्लिप केलेले, म्हणजे न जुळल्याने लोंबते ठेवलेले बेस दाखवण्याचा पर्याय चालू करून २,८०० ते ३,००० हा भाग उघडा. तिथे तीनपैकी एक चित्र दिसेल.

पहिलं: १२ रीड्स खिंडार सरळ ओलांडतात, दोन्ही बाजूंना ३०पेक्षा जास्त बेस नीट जुळतात, आजूबाजूला क्लिप झालेलं काही नाही. मग जोड खरा, फक्त लायब्ररीत तो भाग कमी आलाय. दुसरं: डावीकडून येणारे आणि उजवीकडून येणारे बरेच रीड्स एकाच जागी कापले गेलेत, आणि त्यांच्या लोंबत्या तुकड्यांचा क्रम आपापसांत जुळतो. मग तिथे काँटिगमध्ये काहीतरी गळालंय. तिसरं: खिंडाराच्या अलीकडे बदलांचं प्रमाण, समजा, ३० टक्के आणि पलीकडे ५ टक्के. तसं असेल तर झाडात दोन स्ट्रेन आहेत आणि असेंबलरने एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर बसवलंय.

तुमचं ओआरएफ तिथेच फुटतंय म्हणून माझा कल दुसऱ्याकडे. पाच मिनिटांत होणारी एक तपासणी: जवळच्या चार-पाच पोटेक्सव्हायरसच्या रेप्लिकेजशी प्रोटीन अलाइनमेंट करा, फुटलेल्या दोन्ही फ्रेम मिळून. त्या जागी सगळ्यांकडे सलग प्रोटीन आणि फक्त तुमच्याकडे १५-२० अमिनो आम्लांची पोकळी असेल, तर संशय पक्का.

पुरावा मात्र पीसीआरचाच. खिंडाराच्या दोन्ही बाजूंना साधारण ३५० बेस सोडून प्रायमर ठेवा, म्हणजे काँटिगप्रमाणे ७००च्या आसपास तुकडा यायला हवा. इथे एक सापळा आहे. अशी खिंडारं बऱ्याचदा घट्ट हेअरपिनमुळे (आरएनए स्वतःवरच दुमडल्यामुळे) पडतात. हेअरपिनच्या बुडाशी ८-१० बेसचा सारखा तुकडा दोन्हीकडे असला, तर रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज पहिल्या तुकड्यावरून थेट दुसऱ्यावर उडी मारतो आणि मधलं सगळं सोडून देतो. तुमचे ते १२ रीड्स अशा उड्यांतूनच आलेले असू शकतात. ४२ अंशांवर आरटी केलीत तर पीसीआरमध्येही तीच उडी पडेल, ७००चा सुरेख बँड येईल आणि चुकीच्या काँटिगला खोटा दुजोरा मिळेल. तापमान सोसणारा एन्झाइम घ्या, आरटी ५५ अंशांवर करा, त्याआधी आरएनए आणि प्रायमर ६५ अंशांवर ५ मिनिटं तापवून थेट बर्फात. पीसीआरमध्ये ३ ते ५ टक्के डीएमएसओ. जेलवर ७०० आणि त्याच्या जरा वर असे दोन बँड आले तर वरचा कापून दोन्ही बाजूंनी सँगर सिक्वेन्सिंग करा. उजळ बँड घ्यायचा मोह होतो. छोटा तुकडा पीसीआरमध्ये नेहमीच पुढे धावतो, म्हणून उजळपणावर जाऊ नका.

डेप्थच्या बाबतीत अजून एक. कोट प्रोटीनच्या बाजूला डेप्थ चढलेली दिसेल, त्याने घाबरू नका. ट्रिपल जीन ब्लॉक आणि कोट प्रोटीन सबजीनोमिक आरएनएवरून (जीनोमच्या ३′ भागाच्या आखूड प्रतींवरून) बनतात, त्यामुळे ३′ बाजूच्या प्रती जास्त असतात. ५′ टोकाला तीनच रीड्स हेही अपेक्षितच: रँडम प्रायमिंगमध्ये टोकाच्या शेवटच्या काही डझन बेसपर्यंत पोचणारे तुकडे फारच थोडे असतात.

निरोगी नमुन्यातले ३७ रीड्स: ४६,०००च्या मानाने हे ०.०८ टक्के भरतं. पॅटर्न्ड फ्लो-सेलवर इंडेक्स हॉपिंगने (एका नमुन्याची ओळखखूण दुसऱ्याच्या तुकड्याला लागल्याने) एवढं सहज होतं, विशेषतः दोन्ही बाजूंचे इंडेक्स प्रत्येक नमुन्याला वेगळे नसतील तर. पण ‘होऊ शकतं’ म्हणून सोडून देऊ नका. निरोगी झाडाच्या मूळ आरएनएवर, लायब्ररीवर नव्हे, नव्या प्रायमरने आरटी-पीसीआर करा. लायब्ररीवर केलेली पीसीआर फक्त लायब्ररीतलं प्रदूषण पुन्हा दाखवेल. सोबत झाडाच्या एखाद्या जनुकाचा कंट्रोल हवाच, नाहीतर निगेटिव्ह आलं ते विषाणू नाही म्हणून की आरएनए मेला म्हणून, हे कळणार नाही.

पार्टिटीव्हायरसचा जीनोम दोन तुकड्यांचा असतो, एकावर पॉलिमरेज, दुसऱ्यावर कोट प्रोटीन, दोन्ही दुहेरी धाग्याचे. १,४८० हा पहिला दिसतोय. दुसरा शोधायला ब्लास्टएन उपयोगाचा नाही, डायमंडची ब्लास्टएक्स (क्रमाचं प्रोटीनमध्ये भाषांतर करून शोधणारी) संवेदनशील मोडमध्ये चालवा. तो निरोगी झाडातही भरपूर असेल तर बियांतून चालत आलेला, लक्षणं न देणारा प्रकार समजा. पानावरच्या बुरशीचाही असू शकतो. वेगळा नोंदवा, मोझेकचा आळ त्याच्यावर घेऊ नका.

---

टोकाचं_बोलतो

मधल्या खिंडाराबद्दल वर आलंच आहे, मी टोकांचं सांगतो.

तुमचा काँटिग ‘एएएएसी’ने सुरू होतो. ज्ञात पोटेक्सव्हायरस बहुतेक ‘जीएएएए’ने सुरू होतात. म्हणजे बहुधा तुमच्याकडे फक्त एक जी कमी आहे. तो शेजाऱ्यांकडे बघून चिकटवू नका. आणि हा एक जी मिळवणं हेच ५′ रेसमधलं (आरएनएचं टोक शोधण्याच्या पद्धतीतलं) सगळ्यांत नाजूक काम आहे. कसं ते बघा.

नेहमीच्या रेसमध्ये सीडीएनएच्या (आरएनएवरून काढलेल्या डीएनए प्रतीच्या) टोकाला टर्मिनल ट्रान्सफरेज या एन्झाइमने सी-ची शेपूट लावतात. जीनोमचा पहिला बेस जी असेल तर सीडीएनएचा शेवटचा बेस सी. त्याच्यापुढे शेपटीचे सी. आता यातला जीनोमचा सी कुठला आणि शेपटीचा कुठला? कितीही क्लोन वाचा, सांगता येणार नाही. म्हणून जी-ने सुरू होणाऱ्या विषाणूला सी-ची शेपूट लावायचीच नाही, ए-ची लावायची. मग धन धाग्यावर (विषाणूच्या आरएनएच्याच दिशेच्या) आधी टी-टी-टी, मग लखलखीत जी, मग एएएए.

क्रम असा. उलट दिशेचे तीन प्रायमर करा: टोकापासून साधारण ६००, ३५० आणि २०० बेसवर. पहिल्याने १ मायक्रोग्रॅम आरएनएवर सीडीएनए, ५० अंश, ५० मिनिटं, मग ७० अंशांवर १५ मिनिटं एन्झाइम बंद. आरएनेज एच ३७ अंशांवर २० मिनिटं. यानंतर कॉलमने सफाई, आणि ही पायरी गाळायची नाही. उरलेल्या प्रायमरलाही शेपूट लागते आणि पुढच्या पीसीआरमध्ये तोच सगळं खाऊन टाकतो. उरलेल्या डीएनटीपींमुळे शेपूट निव्वळ ए-ची न राहता खिचडी होते. सीडीएनए ९४ अंशांवर २-३ मिनिटं उकलून बर्फात, मग ०.२ मिलीमोलर डीएटीपी आणि टर्मिनल ट्रान्सफरेज, ३७ अंश, १० मिनिटं, ६५ अंशांवर १० मिनिटं बंद. पहिली पीसीआर ओलिगो-डीटी अँकर आणि दुसऱ्या प्रायमरने, ती १:५० पातळ करून दुसरी पीसीआर अँकर आणि तिसऱ्या प्रायमरने. २०० अधिक अँकरचे ४० असा २४०च्या आसपास बँड यायला हवा. नुसता धूर आला तर बहुधा पहिल्या प्रायमरचं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन बिघडलंय, पीसीआरचे सायकल वाढवून काही होत नाही.

बँड थेट सँगरला देऊ नका. शेपटीची लांबी प्रत्येक रेणूत वेगळी, त्यामुळे ट्रेस नेमका सीमेवरच चिखल होतो. टी-व्हेक्टरमध्ये (तुकडा जीवाणूत वाढवायच्या प्लाझ्मिडमध्ये) घालून १० कॉलनी, म्हणजे १० क्लोन वाचा.

३′ टोक त्या मानाने सोपं, कारण पोटेक्सव्हायरसला पॉली-ए शेपूट असते. अँकरला जोडलेले १७-१८ टी आणि शेवटी व्हीएन असा प्रायमर घ्या. व्ही म्हणजे टी सोडून काहीही, त्यामुळे प्रायमर शेपटीत कुठेही न बसता सीमेवर अडतो. पुढचा प्रायमर टोकापासून ३५० बेस आत. अपेक्षेपेक्षा आखूड तुकडा आला तर प्रायमर जीनोममधल्याच एखाद्या ए-बहुल जागी बसलाय. तुमचे ९ ए शेपटीचे की तशाच आतल्या जागेचे, हे इथेच ठरेल. जीनोमची लांबी पॉली-ए वगळून सांगतात, तेव्हा ते ९ आकड्यातून काढा.

मग उरलेल्या लांबीवर सँगर: १,००० बेसचे तुकडे, १५० बेसचा ओव्हरलॅप, तुमच्या ६,३००ला आठ तुकडे लागतील. प्रूफरीडिंग पॉलिमरेज वापरा. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांचा प्रायमरएवढा भाग तुम्ही मागवलेल्या ओलिगोचा क्रम दाखवतो, विषाणूचा नाही, म्हणून तो शेजारच्या तुकड्यावरून वाचायचा. आणि एका ट्यूबमधले दहा क्लोन वाचण्यापेक्षा वेगवेगळ्या तीन आरटी करा. आरटीत एकदा चूक झाली की त्या ट्यूबमधल्या दहाही क्लोनमध्ये ती निघू शकते.

---

लांबरीड

एवढा खटाटोप कशाला? पॉली-ए आहेच, नॅनोपोअरवर डायरेक्ट आरएनए (सीडीएनए न करता आरएनए रेणूच वाचणं) करा. एकेक रीड टोकापासून टोकापर्यंत, ना आरटीच्या उड्या, ना पीसीआरच्या चुका.

---

टोकाचं_बोलतो

खिंडारासाठी उत्तम सल्ला, टोकासाठी नाही. डायरेक्ट आरएनएमध्ये रेणू ३′ कडून वाचला जातो आणि ५′ टोक मोटर प्रोटीनमधून सुटताना शेवटचे १०-१५ बेस वाचायचेच राहतात. म्हणजे ज्या एका जी-साठी ही झटापट चाललीय तोच दिसणार नाही. शिवाय आरएनए जरा जरी तुटलेला असला तरी ३′ बाजूचे आखूड रीड्सच जास्त येतात, आणि एका सुरातल्या ५-६ ए-मध्ये एखादा कमी-जास्त वाचला जातोच, त्याने पुन्हा ओआरएफ फुटतं. दोन-तीन पूर्ण लांबीचे रीड्स मिळाले तर सांगाडा म्हणून वापरा, अक्षरं इल्युमिना आणि सँगरवरून घ्या.

---

मोझेकपान

कामाला लागतो. पण मूळ आरएनए फक्त ४ मायक्रोग्रॅम उरलाय. शुद्धतेची गुणोत्तरं: २६०/२८० १.९ आहे, २६०/२३० मात्र ०.६, आणि बर्फावर ठेवला की ट्यूबमध्ये जेलीसारखं दिसतं. याच्यावरच रेस करू की पुन्हा काढू?

---

चिकटपान

पुन्हा काढा. जेली म्हणजे पॉलिसॅकराइड, आणि टर्मिनल ट्रान्सफरेजसकट सगळे एन्झाइम त्यात अडतात. (२६०/२३० कमी असणं हे एकटं लक्षण फसवं आहे, कॉलम किटमधलं ग्वानिडिन उरलं तरी ते तसंच दिसतं, आणि त्याला नुसती एक जास्तीची इथेनॉल धुलाई पुरते. जेली दिसली की मग वाद नाही.) खात्री हवी असेल तर तोच आरएनए १:१० पातळ करून आरटी-पीसीआर लावा. पातळ केल्यावर बँड सुधारला तर अडथळा आहे.

सीटॅब (एक डिटर्जंट) पद्धत या असल्या पानांना चालते. बफर: २ टक्के सीटॅब, २ टक्के पीव्हीपी, १०० मिलीमोलर ट्रिस पीएच ८, २५ मिलीमोलर ईडीटीए, २ मोलर मीठ, आणि वापरायच्या क्षणी २ टक्के बीटा-मरकॅप्टोइथेनॉल. बफर आधीच ६५ अंशांवर गरम ठेवा. १०० मिलिग्रॅम कोवळं, लक्षणं असलेलं पान द्रव नायट्रोजनमध्ये पिठासारखं दळा आणि वितळायच्या आत १ मिलीलीटर बफरमध्ये. जास्त पान घालून जास्त आरएनए मिळत नाही, जास्त चिकटा मिळतो. ६५ अंशांवर १० मिनिटं, अधूनमधून उलटसुलट. क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल २४:१ने दोनदा काढा. वरचा थर घेताना मधल्या पांढऱ्या सायीपासून दूर राहा, १०० मायक्रोलीटर मागे राहिले तरी चालतील.

मग १० मोलर लिथियम क्लोराइड पाव आकारमान, म्हणजे शेवटी २ मोलर. रात्रभर ४ अंशांवर. दुसऱ्या दिवशी १२,००० जी, ३० मिनिटं, ४ अंश. पॉलिसॅकराइड बहुतेक द्रवातच राहतं, एकेरी धाग्याचा आरएनए खाली बसतो. गोळी ७० टक्के इथेनॉलने दोनदा धुवा, कारण उरलेलं लिथियम आरटी अडवतं. नंतर डीएनेज.

वरचा द्रव फेकू नका. २ मोलर लिथियममध्ये दुहेरी धाग्याचा आरएनए खाली बसत नाही, लहान आरएनएही बरेचसे वर राहतात. तुमच्या पार्टिटीव्हायरसचा दुसरा तुकडा शोधायचा झाला तर तो याच द्रवातून इथेनॉलने खाली बसवता येईल. लोक हा द्रव सिंकमध्ये ओततात आणि मग दुहेरी धाग्याचा विषाणू सापडत नाही म्हणतात.

---

मोझेकपान

नव्या आरएनएवरचे निकाल:

खिंडारावरची पीसीआर, आरटी ५५ अंशांवर: ७०२ अपेक्षित होता, दोन बँड आले, ७०२ आणि थोडा वर. वरच्यात ६१ बेस जास्त निघाले, आणि त्या ६१च्या दोन्ही बाजूंना ९ बेसचा सारखा तुकडा आहे. ते घातल्यावर रेप्लिकेज एका फ्रेममध्ये सलग जुळलं. आयजीव्हीत क्लिप झालेल्या रीड्सचे लोंबते तुकडे याच ६१मध्ये बसतात.

३′ रेस: सगळे क्लोन काँटिगच्याच सीमेवर पॉली-ए दाखवतात.

निरोगी झाड: मूळ आरएनएवर विषाणू निगेटिव्ह, झाडाचं जनुक पॉझिटिव्ह.

५′ रेस, ए-शेपूट, १० क्लोन: सहा ‘जीएएएएसी’, तीन ‘जीजीएएएएसी’, एक तर चौथ्या ए-पासूनच सुरू. आता जी एक की दोन?

---

टोकाचं_बोलतो

चौथ्या ए-चा क्लोन सोडा. तुटलेला आरएनए किंवा टोकापर्यंत न पोचलेली आरटी, एखादा तसा निघतोच.

तीन क्लोनमधला जादा जी कॅपचा (५′ टोकावरच्या रासायनिक टोपीचा) आहे, असं मी म्हणेन. पोटेक्सव्हायरसच्या आरएनएला ५′ कॅप असते, आणि एमएमएलव्ही प्रकारचा रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज कॅपपाशी पोचला की सीडीएनएच्या टोकाला साच्यात नसलेला एखादा सी जास्तीचा लावतो. धन धाग्यावर तो जी म्हणून दिसतो. बहुसंख्य एकच जी दाखवतायत, शेजारी विषाणूही तसेच, म्हणजे एकच. पण हे अनुमान झालं. छापायचं असेल तर कॅप काढून रेस करा: आधी फॉस्फेटेज, ३७ अंश, १ तास, म्हणजे तुटलेल्या तुकड्यांवरचे फॉस्फेट जातील आणि ते पुढे जोडले जाणार नाहीत. फिनॉल-क्लोरोफॉर्मने फॉस्फेटेज पूर्ण घालवा, तो उरला तर पुढचं सगळं फुकट. मग आरपीपीएच पायरोफॉस्फोहायड्रोलेज, ३७ अंश, ३० ते ६० मिनिटं. तो कॅप कापून एक फॉस्फेट मागे ठेवतो. त्यावर टी४ आरएनए लायगेज १ने आरएनए अडॅप्टर जोडा. आता रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज टोकावर थांबतच नाही, अडॅप्टरमध्ये सरळ घुसतो, त्यामुळे जादा बेस लावायची संधीच उरत नाही. आरपीपीएच न घातलेली एक ट्यूब सोबत ठेवा, त्यात बँड यायला नको. अडॅप्टर जी-ने संपणारा घेऊ नका, नाहीतर पुन्हा तोच घोळ.

एका अक्षरासाठी एवढं कशाला असं वाटेल. संसर्गक्षम क्लोन करायची वेळ आली की कळतं: टोकाला विषाणूचे नसलेले बेस लागले की ट्रान्स्क्रिप्टची संसर्गक्षमता घसरते, बऱ्याचदा सपशेल. टी७ प्रमोटरला ट्रान्स्क्रिप्शन जी-ने सुरू करायला आवडतं, तेवढं तरी ‘जीएएएए’वाल्यांचं नशीब बरं.

---

वर्गवारी

टोक ठरलं की लांबी ६,३१८ वजा ९ अधिक ६१ अधिक १, म्हणजे पॉली-ए वगळून ६,३७१. पोटेक्सव्हायरसच्या नेहमीच्या मापात बसते.

नवी प्रजाती का, याबद्दल: या गटात निकष कोट प्रोटीन किंवा पॉलिमरेज जनुकाचा आहे, न्यूक्लिओटाइडमध्ये ७२ टक्क्यांपेक्षा कमी किंवा अमिनो आम्लांत ८० टक्क्यांपेक्षा कमी. तुमचे ६१, ५८ आणि ६३ बरेच खाली आहेत, वाद होणार नाही. फक्त हे आकडे ब्लास्टचे असतील तर पुन्हा काढा. ब्लास्ट जुळणारा तेवढाच भाग मोजतो, १२ टक्के लांबीवरचे ८४ टक्केही तो अभिमानाने वर दाखवतो. पूर्ण ओआरएफ घेऊन एसडीटीसारख्या साधनाने जोडीजोडीने मोजा, आणि रेप्लिकेजचे आकडे ते ६१ बेस घातल्यावरचे हवेत. वंशवृक्ष काढायला माफ्ट आणि आयक्यू-ट्री पुरे. त्याआधी आरडीपीने रीकॉम्बिनेशन (दोन विषाणूंच्या क्रमांची सरमिसळ) तपासा, नाहीतर रेप्लिकेजचा वंशवृक्ष एक सांगेल, कोट प्रोटीनचा दुसरंच.

ॲनोटेशनमध्ये (क्रमावर जनुकं खुणावताना) हमखास हरवतं ते टीजीबी३, ट्रिपल जीन ब्लॉकमधलं तिसरं. जेमतेम ७० अमिनो आम्लांचं, शिवाय टीजीबी२वर चढलेलं. ओआरएफ शोधताना किमान लांबी ३०० बेस ठेवली असेल तर गेलंच ते. १५० ठेवा आणि जे जास्तीचे फुटकळ सापडतील ते हाताने काढा. रेप्लिकेजमध्ये मिथाइलट्रान्सफरेज, हेलिकेज, पॉलिमरेज याच क्रमाने डोमेन दिसायला हवेत आणि पॉलिमरेजमध्ये जीडीडी मोटिफ (तीन अमिनो आम्लांचा ठरावीक क्रम). ते ६१ बेस योग्य असल्याची ही अजून एक साक्ष.

जमा करताना ‘कम्प्लीट जीनोम’ फक्त दोन्ही टोकं प्रयोगाने ठरली असतील तरच. कॅप काढून केलेली रेस जमलीच नाही तर ‘कोडिंग कम्प्लीट’ लिहा, त्यात कमीपणा काही नाही. क्रम आरएनएचा असला तरी यूच्या जागी टी लिहितात. मूळ रीड्स एसआरएमध्ये (रीड्सच्या सार्वजनिक साठ्यात) टाका, आणि निरोगी झाडाचे पण. ३७ रीड्सचा प्रश्न परीक्षक विचारणारच, तेव्हा आरटी-पीसीआरचं जेल हाताशी ठेवा.

विषाणूचं नाव आणि प्रजातीचं नाव या दोन गोष्टी आहेत. विषाणूला यजमान आणि लक्षण जोडून नाव द्या. प्रजातीचं नाव द्विपदी हवं, २०२१पासून आयसीटीव्हीचा (विषाणूंच्या वर्गीकरणाच्या आंतरराष्ट्रीय समितीचा) तसा नियम आहे: पहिलं पद पोटेक्सव्हायरस, दुसरं तुम्ही सुचवायचं. प्रस्ताव त्यांच्या ठरलेल्या साच्यात जातो.

नावात ‘मोझेक’ घालायची घाई मात्र नको. झाडात पार्टिटीव्हायरसही आहे, आणि क्रम सापडला म्हणजे रोगाचं कारण सापडलं असं होत नाही. आधी पानाचा रस फॉस्फेट बफर आणि कार्बोरंडमने (पान किंचित खरवडणारी पूड) निकोटियाना बेंथामियानावर (प्रयोगांत वापरतात ते तंबाखूच्या जातकुळीचं रोप) घासा. पोटेक्सव्हायरस रसातून सहज जातो, पार्टिटीव्हायरस जात नाही, त्यामुळे दोघं इथेच वेगळे होतील. तिथून निरोगी मूळ यजमानावर परत आणा. वलयं उमटली आणि त्या झाडात पोटेक्स सापडून पार्टिटी सापडला नाही, तर मग ठेवा ‘मोझेक’.

---

मोझेकपान

निरोगी रोपं बियांपासून वाढवलेली वापरू की कलमं?

---

आयजीव्ही_उघडा

बियांपासूनची, पण प्रत्येक रोप आधी दोन्ही विषाणूंसाठी तपासून. पार्टिटीव्हायरस बियांतून येतो, तेव्हा ‘बियांचं रोप म्हणून निरोगी’ हे गृहीत धरता येत नाही. कलमं नकोतच, त्यांत मूळ झाडातलं सगळंच येतं.